टंगस्टन वितळतंय? मशीन उचलण्याआधी टॉर्च कुठे लावलीय ते बघा

"टंगस्टन टिकत नाही, आर्क जॉबवर नुसता नाचतो, मशीन बिघडलंय." आमच्या दुकानाला आरगन वेल्डिंगवाल्या ग्राहकांचे सर्वांत जास्त फोन याच तक्रारीचे येतात. या वेल्डिंगमध्ये टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीतून जॉबवर, म्हणजे जोडायच्या तुकड्यावर, आर्क (विजेची सलग ठिणगी) पडतो आणि भोवती आरगन गॅस असतो. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, टॉर्च मशीनच्या प्लस सॉकेटला लागलेली असते.

हे होतं कसं? सकाळी त्याच मशीनवर ७०१८ रॉडचं (साध्या रॉड वेल्डिंगचं) काम झालेलं असतं. त्या कामाला रॉड धरायचा होल्डर प्लसला लावतात. दुपारी स्टेनलेसचं रेलिंग येतं, घाईत होल्डर काढून टॉर्च त्याच सॉकेटमध्ये बसते. आरगनमध्ये तापलेल्या टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लसच्या बाजूवर आदळतात. साधारण ७० टक्के उष्णता प्लसकडे जाते. म्हणून जॉब प्लसला, टॉर्च मायनसला. उलटं लावलं की ती सगळी उष्णता टंगस्टनच्या टोकावर येते. १.६ मिमीचं टंगस्टन मायनसला १०० ॲम्पियर आरामात पेलतं, प्लसला १०-२० ॲम्पियरच्या पुढे टिकत नाही. टोकाचा चकचकीत मणी होतो आणि तुटून वेल्डमध्ये पडतो. मग तेवढा भाग ग्राइंड करून पुन्हा भरायचा!

टोक टोकदारच आहे, पण टंगस्टन निळं-काळं पडलंय? मग गॅस लवकर बंद होतोय. आर्क विझल्यावर दर १० ॲम्पियरला एक सेकंद गॅस चालू राहू द्या.

ॲल्युमिनियमला एसीच लागतो, म्हणजे टॉर्च आळीपाळीने प्लस-मायनस होणारा करंट. त्याच्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांवर वितळते, खालचा धातू ६६० लाच. टॉर्च प्लस असते त्या फेरीत ती साय फुटते.

"मीटरवर १४ व्होल्टच दिसतात" हीसुद्धा तक्रार नव्हे. १०० ॲम्पियरला आरगनचा आर्क तेवढ्यावरच चालतो, रॉडला २४ च्या आसपास लागतात. टॉर्च वर उचललीत की आर्क लांबतो आणि व्होल्ट वाढतात, ॲम्पियर मशीन सांभाळतं.

दोष निघाला नाही तरी तपासणीचे पैसे आम्ही घेतो, यावर काहीजण नाराज होतात. पण मशीन उघडून, धूळ काढून, लोडवर चालवून बघण्यात आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा आधी फोन करा, पाच मिनिटांत फुकट सांगू. आमच्याकडून मशीन घेतलं तर दोन्ही केबलना रंगीत टेप लावून आणि तुमच्या कारागिराच्या हातून एक बीड (वेल्डची एक रेघ) मारून घेऊनच देतो.

दुकानात येताना खराब झालेलं टंगस्टन सोबत आणा, टोक न घासता.