पहिल्या भेटीत कोण कोणाला पारखतं?

थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाणारा माणूस तोंडी परीक्षेला बसल्यासारखा बसतो. काय सांगायचं याची वाटेत उजळणी झालेली असते आणि खुर्चीत टेकल्यावर नेमकं तेच आठवत नाही. ही धास्ती अगदीच उगाच नाही, कारण या भेटीची रीत परीक्षा म्हणूनच पडली.

मनाच्या उपचारांना सुरुवात कशी करावी, यावर मनोविश्लेषणाचा, म्हणजे रुग्णाला मनात येईल ते बोलू देऊन त्याचं दडलेलं मन उलगडण्याच्या पद्धतीचा, जनक सिग्मंड फ्रॉइडने १९१३ मध्ये एक लेख लिहिला. बुद्धिबळात डावाची सुरुवात आणि शेवट तेवढा पुस्तकातून शिकवता येतो, उपचारांचंही तसंच, असं तो म्हणतो. नवा रुग्ण तो आधी एक-दोन आठवडे आजमावून पाही. मनोविश्लेषण याला मानवेल का, हे ठरवायचं असे. फी आणि वेळेचं बोलणं सुरुवातीलाच, आडपडदा न ठेवता. रुग्ण कोचावर आडवा, फ्रॉइड त्याच्यामागे, नजरेआड. का, तर रोज आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेलं त्याला सोसत नसे. (दुसऱ्यांची मनं उलगडणाऱ्या माणसाची ही कबुली मला फार आवडते.) कोचावर पडण्याआधी आणि उठल्यावर रुग्ण जे चार शब्द बोलतो, त्यांना रुग्ण स्वतः नुसत्या गप्पा समजतो. फ्रॉइड तेही लक्षात ठेवी आणि पुढे वापरी.

पारडं फिरवलं ते अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने. 'पेशंट'ऐवजी 'क्लायंट' म्हणायचं वळण रुजण्यात त्याच्या १९४२च्या पुस्तकाचा मोठा वाटा. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची ध्वनिमुद्रणं. तेव्हा तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत भरायची, म्हणून दोन यंत्रं आलटून पालटून चालवावी लागत. अशा खटाटोपातून एका क्लायंटची पहिल्यापासून आठव्यापर्यंतची सगळी सेशन्स त्या पुस्तकात शब्दशः छापली गेली. तोवर भिस्त असायची थेरपिस्टने मागाहून लिहिलेल्या टिपणांवर, आणि टिपणं लिहिणारा त्यात सहसा शहाणाच दिसतो. आता तो समोरच्याला कुठे तोडतो, कुठे घाईने सल्ला देतो, हे उघड ऐकू येऊ लागलं. पुढे १९५७ मध्ये रॉजर्सने बदलासाठी लागणाऱ्या सहा अटी मांडल्या. पहिली, दोघांमध्ये संपर्क असणं. शेवटची, थेरपिस्टचा स्वीकार आणि समजून घेणं थोडंतरी क्लायंटपर्यंत पोचणं. म्हणजे पारखणारा आता क्लायंटही झाला.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंटमधल्या नात्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि आपसातला बंध. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं, की उपचारांचं फलित ताडायला या नात्याबद्दलचं क्लायंटचं मत थेरपिस्टच्या मतापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एकदाच येऊन न फिरकणाऱ्यांना तरीही 'गळालेले' म्हणत. मोशे टॅलमन या थेरपिस्टने कॅलिफोर्नियात आपल्या अशा २०० जणांना फोन केले. हवं ते त्या एका भेटीत मिळालं, असं ७८ टक्के लोकांनी सांगितलं. १९९० मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं.

तसं पाहिलं तर फ्रॉइडलाही अशी एकच भेट नवी नव्हती. १८९३च्या उन्हाळ्यात आल्प्समध्ये फिरताना एका विश्रामगृहात जेवण वाढणाऱ्या मुलीने त्याला विचारलं, "आपण डॉक्टर आहात का?" पाहुण्यांच्या वहीत तिने त्याचं नाव वाचलं होतं. तिचा श्वास कोंडायचा. ना कोच, ना फी. तिथेच बसून दोघं बोलले. या बोलण्याचा तिला काही फायदा झाला असावा अशी आशा त्याने १८९५ मध्ये ती हकीकत छापताना व्यक्त केली. ती त्याला पुन्हा भेटली नव्हती.