लोकरीचा रंग आणि अंड्यातली प्रथिनं

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा सगळ्यांसाठी खुली असते. यावलकडचे एक केळी-बागायतदार बाबा माझ्या टेबलाशी थांबले. डब्यात प्रथिनांची जेल होती, दौतीत बुडवून काढल्यासारखी अख्खी निळी. मी वरचा रंग ओतला, दुसरं द्रावण घातलं आणि म्हटलं, "आता निळा रंग निघेल." बाबांनी विचारलं, "रंग दिधा, मंग काढतस कसाले?"

इतका नेमका प्रश्न आमची मुलंही विचारत नाहीत. उत्तरपत्रिकेत ती ह्या रंग काढण्याला, म्हणजे डीस्टेनिंगला, सरळ ‘विरंजन’ लिहून मोकळी होतात. हळदीचा डाग उन्हात वाळवला की जातो, ते विरंजन. तिथे रंगाचा रेणूच मोडतो. डीस्टेनिंगमध्ये रेणू शाबूत राहतो. तो फक्त जेल सोडून बाहेर येतो, आणि त्याला धरून ठेवणारं कुणी आत असेल तर येत नाही.

आधी जेल म्हणजे काय ते. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची ही चकती पाण्याने फुगलेल्या बारीक जाळीसारखी असते, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. अंड्याचा पांढरा बलक एसडीएस नावाच्या साबणासारख्या रसायनात उकळून जेलच्या एका कडेला भरायचा आणि वीज सोडायची. एसडीएसमुळे सगळ्या प्रथिनांवर ऋण भार चढतो, ती धन टोकाकडे निघतात. लहान रेणू जाळीतून भराभर सरकतात, मोठे मागे राहतात. पांढऱ्या बलकातला लायसोझाइम साधारण 14 किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप), तो पुढे पळतो. ओव्हाल्ब्युमिन सुमारे 45 चं, ते बरंच मागे. पण बहुतेक प्रथिनांना स्वतःचा रंग नसतो. वीज बंद केल्यावर हातात येते ती काचेसारखी कोरी जेल. म्हणून रंग.

ह्या निळ्या रंगाचं नाव कुमासी, आणि तो मुळात प्रयोगशाळेचा नाहीच. कुमासी हे आजच्या घानामधलं शहर, अशांती राज्याची राजधानी. ब्रिटिशांनी 1874 मध्ये ते घेतलं आणि पुढे मँचेस्टरजवळच्या एका रंग-कारखान्याने लोकरीच्या रंगांना तेच नाव दिलं. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यातला निळा रंग प्रथिनांसाठी वापरला. लोकर म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच! साक्रीकडच्या ठेलारी धनगराच्या घोंगडीला जो रंग बसेल, तो अंड्याच्या प्रथिनालाही बसणारच. मी मुलांना एकाच वाटीत सुताचा आणि लोकरीचा धागा बुडवायला लावते. धुतल्यावर लोकर गर्द निळी राहते, सूत मात्र पुष्कळ फिकं पडतं. कापूस सेल्युलोज आहे, त्यात ह्या रंगाला धरायला जागा नाही. माझ्या नखांच्या कडा मात्र हातमोजा फाटला की चार दिवस निळ्या असतात.

पकड अशी. रंगाच्या रेणूवर दोन सल्फोनिक गट, दोन्ही ऋण. द्रावणात दहा टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं. त्या आंबटपणात प्रथिनातल्या आर्जिनिन, लायसिन, हिस्टिडिन ह्या अमिनो आम्लांवर धन भार असतो. ऋण धनाला चिकटतं, आणि रंगाची सहा बेंझिन वलयं प्रथिनाच्या पाणी टाळणाऱ्या भागांना बिलगून ती पकड पक्की करतात. एसडीएससुद्धा ऋणच, तेही त्याच धन जागांवर बसलेलं असतं. द्रावणातलं मिथेनॉल ते धुऊन काढतं, तेव्हा कुठे रंगाला जागा मिळते. शिवाय मिथेनॉल आणि आम्ल मिळून प्रथिनं जाळीतच साकळवतात, त्यामुळे ती पुढे हलत नाहीत. (हे मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ ज्योत नको.) आर्जिनिन जास्त असलेलं प्रथिन जास्त रंग घेतं, म्हणून दोन वेगळ्या प्रथिनांचे पट्टे नुसते डोळ्यांनी बघून ‘ह्यात जास्त प्रथिन’ म्हणू नये. प्रोटीन पावडरच्या जाहिरातीत असा गडद पट्टा दाखवला तरी भुलू नका.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. जाळीच्या पाण्यात प्रथिन नसतं तिथेही रंग शिरलेला असतो, पण मोकळा. बाहेर रंग नसलेलं द्रावण आलं की तो तिकडे पसरत जातो. आत आणि बाहेर सारखा झाला की थांबतो, म्हणून द्रावण पुन्हापुन्हा बदलावं लागतं. जेल दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट लागतो. मी डब्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीची गाठ टाकते. बाहेर आलेला रंग ती धरून ठेवते, द्रावण स्वच्छ राहतं आणि आतला रंग येतच राहतो. तासाभराने गाठ निळी होते आणि जेलवर एकेक पट्टा उमटायला लागतो. दरवेळी मी हातातलं काम टाकून ते बघायला जाते.

ह्याच कुळातला जी-250 हा रंग आम्लात तांबूस-तपकिरी असतो आणि प्रथिनाचा थेंब पडताच निळा होतो. 1976 मध्ये ब्रॅडफर्ड यांनी त्यावरून प्रथिन मोजायची पद्धत दिली. लिंबू कापून ‘रक्त’ काढणारा बुवाही रंगच बदलत असतो. सुरीला मिथिल ऑरेंज लावलेलं असतं, ते लिंबाच्या आम्लात लाल होतं. करणी उतरवायचे पैसे मागितले, तर आपल्या घरची धुतलेली सुरी पुढे करावी.

एकदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत मी जेल लोकरीच्या गाठीसकट डीस्टेनमध्ये विसरले. बाहेर 44 अंश. झाकण घट्ट होतं म्हणून जेल सुकली नाही, पण परतले तेव्हा फिके पट्टे साफ गेलेले आणि ठळकही मलूल. प्रथिनाची पकड पक्की असली तरी कायमची नसते. एखादा रेणू सुटतो, पुन्हा बसतो. पण सुटलेल्याला लोकर गाठून धरत राहिली आणि तीन दिवसांत तिने पट्टे रिकामे केले. विद्यार्थिनी रडवेली झाली, तिचा आठवड्याचा नमुना होता तो. आम्ही तीच जेल पुन्हा रंगात टाकली, लोकर काढली आणि ह्या वेळी घड्याळ लावून बसलो. संध्याकाळी सगळे पट्टे जिथल्या तिथे होते.