घोड्यांच्या वाटेवर ग्रॅव्हल सायकल

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरातून कनाल द्यू मिदी या कालव्याच्या काठाने आग्नेयेकडे निघालं, की पहिले पन्नासेक किलोमीटर सायकलसाठी बांधलेला गुळगुळीत रस्ता मिळतो. पोर-लोरागे ओलांडून ओद जिल्ह्याची हद्द लागली की त्याचं सुख सरतं. पुढे माती, मुरूम, मध्येच वर आलेली झाडांची मुळं आणि पाऊस झाला असेल तर चिखल. पातळ टायरची रोड सायकल इथे रडवते, तर जाड माउंटन बाइक उगाच जड वाटते. ४०-४५ मिलिमीटर रुंदीचे टायर, त्यांत हवा जरा कमी आणि पुढे वाकडं हँडल अशी मधली सायकल मात्र इथे खुलते. हल्ली तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. सायकलचं हे नाव नवं आहे. वाट साडेतीनशे वर्षांची आहे आणि ती सायकलसाठी कुणी केलीच नव्हती.

ती केली काठावरून बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी. बेझिए गावचा पिएर-पोल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार. मीठ आणि कर म्हटलं की आपल्याला दांडी आठवते. फ्रान्समध्येही हा कर लोकांच्या शिव्याशापांचाच धनी होता. त्यातून गडगंज झालेल्या रिकेने अटलांटिककडच्या गारोन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत कालवा खणायची योजना चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याच्यापुढे मांडली. राजाज्ञा निघाली ती १६६६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्याला जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा. अंतर २४० किलोमीटर. खणण्यापेक्षा अवघड प्रश्न पाण्याचा होता, कारण वाटेत नोरूझची १८९ मीटर उंचीची खिंड आहे आणि तिथून पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. माथ्यावर पाणी आणायचं कुठून? रिकेने ते 'काळ्या डोंगरा'तल्या ओढ्यांमधून पाटाने वळवून आणलं आणि सें-फेरेओलला मातीचं मोठं धरण बांधून साठवलं. ऐन कामाच्या दिवसांत बारा हजारांच्या आसपास मजूर होते, त्यांत बायकाही होत्या.

सायकलवरून जाताना नजरेत भरतात ती लॉक. दोन दारांच्या मधल्या हौदात पाणी भरून बोट वर चढवायची, सोडून खाली उतरवायची. इथले हौद लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या, त्या मातीच्या रेट्याने कोसळल्या; मग भिंतींना कमानीसारखा बाक दिला. लॉक राखणाऱ्याच्या घरावर मागचं आणि पुढचं लॉक किती मीटरवर आहे ते सांगणारी पाटी असते. माथ्यावरच्या दोन लॉकांची नावंच 'महासागर' आणि 'भूमध्य' अशी आहेत.

कालवा १६८१ च्या मे महिन्यात सुरू झाला. रिके त्याआधी काही महिने, १६८० च्या ऑक्टोबरात, कर्जात बुडालेल्या अवस्थेत वारला होता.

बोट पाण्यात आणि दोर ओढणारं जनावर काठावर, म्हणून काठाची वाट जवळजवळ सपाट. चढ येतो तो लॉकपाशी, तोही छोटासा. धान्य, वाइनची पिंपं, टपाल आणि प्रवासी सगळं या वाटेच्या जोरावर चालायचं. १८५७ मध्ये बोर्दोपासून सेतपर्यंत रेल्वे झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने कालवा चालवायला दिला कुणाला, तर त्याच रेल्वे कंपनीला, चाळीस वर्षांसाठी! दुधाच्या राखणीला मांजर बसवावं तसं झालं. १८७९ पासून मंत्री फ्रेसिनेच्या योजनेत देशभरच्या कालव्यांची लॉक साडेअडतीस मीटरच्या बोटींसाठी वाढवली गेली; इथली बहुतेक जुन्या मापाचीच राहिली. मोठ्या बोटी आल्या नाहीत, घोडे गेले, विसाव्या शतकाच्या अखेरीस मालवाहतूकही आटली. वाट तेवढी उरली आणि तिच्यावर खर्च करायचं कुणाला कारण नव्हतं. आजच्या ग्रॅव्हलवाल्यांना हवा असलेला खडबडीतपणा या दुर्लक्षातून आलेला आहे, हे कुठल्याच पर्यटन पत्रकात छापलेलं नसतं.

द्राक्षबागांची कथाही त्याच रेल्वेशी जोडलेली. स्वस्त वाइन रेल्वेच्या डब्यांतून उत्तरेच्या कारखानी शहरांत जाऊ लागली तशी लांगदोकच्या, म्हणजे कालव्याच्या मुलखातल्या, मैदानात धान्य मागे पडून जिकडेतिकडे वेली झाल्या. मग १८६३ मध्ये गार जिल्ह्यात वेली वाळायला लागल्या. फिलोक्सेरा हा मुळांवर जगणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा अमेरिकन वेलींबरोबर आला होता. १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला. तोडगाही अमेरिकेतूनच आला: तिथल्या वेलींच्या मुळांना किडा फारसा बाधत नाही, म्हणून खुंट अमेरिकन आणि वर कलम फ्रेंच. आपल्याकडे नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात, तो खुंटही अमेरिकन कुळातलाच. फक्त आपलं दुखणं खारं पाणी आणि दुष्काळ हे होतं.

नव्याने लावलेल्या बागा इतक्या पिकल्या की भाव कोसळले. त्यात साखर घालून केलेल्या बनावट वाइनची भर. ११ मार्च १९०७ रोजी कालव्याजवळच्या आर्जेलिए गावातून ८७ जण गाऱ्हाणं मांडायला नार्बोन शहराकडे निघाले. पुढारी मार्सलँ आल्बेर, गावात कॅफे चालवणारा द्राक्षउत्पादक. ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांहून जास्त माणसं जमली. नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली आणि त्याच मुलखातल्या पोरांची सतरावी पलटण बंड करून उठली. भेसळीविरुद्धचा कायदा जूनअखेरीस आला. आल्बेरचं मात्र वाईट झालं. तो पंतप्रधान क्लेमांसोला भेटायला पॅरिसला गेला, परतीच्या भाड्यासाठी क्लेमांसोने शंभर फ्रँकची नोट पुढे केली, याने ती घेतली. बातमी फुटली आणि गावाकडे तो विकला गेलेला माणूस ठरला. आज त्या बागांमधून जाणाऱ्या पांढऱ्या वाटा म्हणजे तेव्हाच्या बैलगाड्या-घोडागाड्यांच्या आणि आताच्या ट्रॅक्टरच्या. त्यांतल्या काही गावाच्या असतात, काही लगतच्या शेतकऱ्यांच्या खाजगी. साखळी लावलेली दिसली की मुकाट मागे फिरावं.

आता सायकल. 'ग्रॅव्हल' हे नाव अमेरिकेचं. कॅन्झसच्या एम्पोरिया गावाभोवती खडीच्या रस्त्यांवरची सव्वातीनशे किलोमीटरची शर्यत २००६ मध्ये सुरू झाली, तशा शर्यतींतून ते रुजलं. पण कल्पना? सेंत-एतिएनचा पोल द विवी, टोपणनाव व्हेलोसिओ, १८८७ पासून सायकलचं मासिक काढत होता आणि लांबच्या डोंगरी सफरींसाठी गिअर हवेतच म्हणून भांडत होता. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा संस्थापक देग्रांज याला गिअर म्हणजे पंचेचाळिशीनंतरचे चोचले वाटत. त्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे साखळी सरकवून गिअर बदलणारं यंत्र, यायला १९३७ उजाडलं. त्याच्या आदल्याच वर्षी डाव्या पक्षांच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. टँडेमवर, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलवर, सामान बांधून जोडपीच्या जोडपी खेड्यांकडे निघाली. ते रस्ते बहुतेक कच्चेच, म्हणून फ्रेंच कारागीर सफरीच्या सायकलींना ६५०बी मापाची चाकं आणि जाड, मऊ टायर बसवत. पुढे डांबर आणि मोटारी आल्या, ते माप जवळपास विसरलं गेलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ते ग्रॅव्हल बाइकवर नवीन शोध म्हणून विकलं जातंय, याची गंमत वाटते.

शर्यतवाल्यांनी बागांची वाट उशिरा धरली. पॅरिस ते तूर शहर या शर्यतीत २०१८ पासून शेवटच्या टप्प्यात व्हूव्रेकडच्या द्राक्षबागांतले कच्चे रस्ते आले. पंक्चर मोजत बसलेल्या संघांनी आरडाओरडा केला. ७ जुलै २०२४ ला खुद्द तूर द फ्रान्स त्र्वा शहराभोवती, शँपेनच्या प्रदेशात, पांढऱ्या खडीच्या १४ पट्ट्यांवरून ३२ किलोमीटर धुळीत गेली. जिंकला फ्रान्सचाच आंतोनी त्युर्जीस.

मिदीच्या काठावर मात्र वेगळीच धावपळ चालू आहे. आपल्या चिनाराच्या गोतातली प्लेनची बेचाळीस हजार झाडं, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली; मुळांनी काठ धरून ठेवायचा आणि पाण्यावर सावली धरायची हे त्यांचं काम. २००६ मध्ये कालव्याकाठच्या त्रेब गावाजवळ त्यांच्यावर बुरशी आढळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली असं मानतात. उपाय नाही, झाड तोडायचं आणि तिथल्या तिथे जाळायचं. हजारो झाडं गेली. जागेवर ओक आणि इतर जातींची मिश्र रोपं लावताहेत, खुंट्याला बांधलेली. जुलैच्या दुपारी तिथून जाणाऱ्याला सावलीचा एक ठिपका मिळत नाही आणि बाजूच्या वेली तर कमरेएवढ्याच असतात.