मुरडलेली शेपटी
मार्च २०२० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरात संशोधकांनी एका तरुण नर पुमाला, म्हणजे अमेरिकेतल्या एका मोठ्या रानमांजराला, पकडून रेडिओ कॉलर बसवली. त्याला नाव मिळालं पी-८१. त्याच्या शेपटीचं टोक मुरडलेलं होतं आणि एकच वृषण खाली उतरलं होतं. ही लक्षणं जवळच्या नात्यात होणाऱ्या प्रजननाकडे बोट दाखवतात. आणि ते प्रजनन घडवणारी गोष्ट म्हणजे डोंगराला वेढून असलेले रस्ते.

रस्त्यामुळे प्राण्याचं नुकसान म्हटलं की गाडीखाली आलेलं जनावर डोळ्यांसमोर येतं. ते नुकसान खरंच मोठं आहे. जपानच्या इरिओमोते बेटावरची रानमांजरं जेमतेम शंभराच्या आसपास आहेत. तिथे एक मादी गाडीखाली गेली तरी तो मोठा घाव असतो. स्पेन-पोर्तुगालमधल्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराला तर रस्त्याकडेचे ससेच मरणाकडे ओढतात. भरावाच्या भुसभुशीत मातीत ससे बिळं करतात आणि त्यांच्या मागावर लिंक्स डांबरापर्यंत येतो.

पण मेलेलं जनावर निदान मोजलं जातं. रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन, आवाज आणि दिव्यांना बिचकून मागे फिरलेलं जनावर कुणाच्याच हिशेबात येत नाही. मला वाटतं, खरी हानी तिथे आहे.

मोठ्या मांजरकुळातला नर वयात आला की त्याला आईचा मुलूख सोडावाच लागतो. तिथला जाणता नर त्याला टिकू देत नाही, प्रसंगी ठारही मारतो. फ्लोरिडातल्या पुमालाच पँथर म्हणतात; तिथल्या एका नर पँथरला सुमारे ५०० चौरस किलोमीटर जंगल लागतं. एवढं जंगल शोधायला निघालेल्या पोराच्या वाटेत महामार्ग आडवा आला, तर तो गाडीखाली तरी येतो किंवा बापाच्या मुलुखात अडकून तरी पडतो. सांता मोनिकात २००९ मध्ये पी-१२ नावाचा नर १०१ क्रमांकाचा महामार्ग ओलांडून उत्तरेकडून आला. त्याच्यासोबत नवं रक्त आलं. पण त्याच्या लेकींना तिथून बाहेर पडायला वाट नव्हती आणि पुढे त्याची पिल्लं त्याच्या स्वतःच्याच लेकीला झाली.

फ्लोरिडाने हे आधीच भोगलं होतं. १९७०च्या दशकात तिथे वीस-तीसच पँथर उरले होते. त्यांच्यातही हीच मुरडलेली शेपटी, शिवाय हृदयाला छिद्र आणि निकृष्ट शुक्राणू. शेवटी १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडाव्या लागल्या. संख्या सावरली, आता प्रौढ पँथर १२० ते २३० असावेत. तरीही त्यांचा सर्वांत मोठा मारेकरी आजही वाहनच आहे.

यावर उपाय आहेत आणि ते चालतात, हे ठासून सांगायला हवं. फ्लोरिडातल्या आय-७५ महामार्गाखाली भुयारी वाटा काढल्या आणि दोन्ही बाजूंना उंच कुंपण घातलं, तेव्हा त्या पट्ट्यातले पँथरचे बळी जवळपास थांबले. यात कुंपणाचं काम फार महत्त्वाचं. नुसती भुयारी वाट केली, तर जनावर जिथून सोपं वाटेल तिथूनच रस्त्यावर चढतं. आणि नुसतं कुंपण घातलं, तर ती भिंतच होते. कुंपणाने जनावराला वाटेच्या तोंडाशी आणून सोडायचं असतं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर रस्ताच खांबांवर उचलला आहे. त्याखालच्या वाटांपैकी सर्वांत रुंद वाट ७५० मीटरची. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत ११ वेगवेगळे वाघ एकूण ८९ वेळा खालून जाताना टिपले गेले.

सांता मोनिकाजवळ १०१ महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी झाडाझुडपांचा पूल बांधायला एप्रिल २०२२ मध्ये सुरुवात झाली. पुढच्याच जानेवारीत, त्याच डोंगररांगेच्या समुद्राकडच्या बाजूला, किनाऱ्यालगतच्या महामार्गावर पी-८१ मेलेला सापडला. त्याला गाडीने उडवलं होतं. तो चार वर्षांचा होता.