पान लागलं, मग दोरी कशाला?

गेल्या पावसाळ्यात घोटीजवळ चहाला थांबलो होतो. मोटारसायकलवर तिघं आले. मधल्या पोराच्या गुडघ्याखाली नायलॉनची दोरी इतकी करकचून बांधलेली, की पावलाची बोटं जांभळी पडलेली. भाताची आवणी चालू असताना बांधावर पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. टपरीवरच्या चौघांनी लगेच सल्ला दिला, अजून आवळा, नाहीतर विष काळजात चढेल. मी दोरी आवळू दिली नाही, पण सोडूही दिली नाही.

आपल्या डोक्यातलं चित्र असं असतं: सापाचा दात म्हणजे इंजेक्शनची सुई, विष थेट रक्तात, रक्त थेट हृदयात. वाटेत बांध घातला की काम झालं! सुईपर्यंतचं बरोबर आहे. पण दात नेमका शिरेत घुसणं विरळाच. विष पडतं ते कातडीखाली किंवा स्नायूत, पेशींमधल्या ओलसर फटींत. तिथून रक्तात जायला केशवाहिनीची भिंत ओलांडावी लागते, आणि तिथे रेणूचा आकार आडवा येतो. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप). नागाच्या विषातले नसांवर चालणारे रेणू साधारण ७,००० डाल्टनचे, घोणशीच्या विषातलं फॉस्फोलायपेज १३-१४ हजारांचं, आणि रक्त गोठण्याची साखळी पेटवणारं तिचं एक विकर (एन्झाइम) ९० हजारांच्या आसपास. एवढं धूड त्या भिंतीतून सहजी जात नाही.

ते जातं लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींमधला जादा द्रव (लसिका) गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या नळ्यांतून. या वाहिन्या मला फार आवडतात, म्हणून जरा थांबतो. त्यांच्या टोकाच्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात; बाहेर दाब वाढला की कौल आत उघडतं, द्रव आत येतो, दाब घटला की मिटतं. पुढे जागोजाग झडपा, एकाच दिशेने उघडणाऱ्या. पण या जाळ्याला हृदय नाही. मोठ्या वाहिन्या स्वतः थोड्या आकसतात खऱ्या, तरी पायात मुख्य जोर पोटरीचा. पोटरी आवळली की लसिका वर सरकते, सैल पडली तरी झडपेमुळे खाली येत नाही. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या पाण्याने भरल्यात आणि मोटर बंद आहे, असं समजा. आपण चाललो की मोटर चालू. जांघेतल्या गाठींतून, छातीतल्या मुख्य नळीतून हा माल शेवटी डाव्या गळपट्टीच्या हाडामागच्या शिरेत पडतो, आणि तेव्हा कुठे रक्तात मिसळतो.

म्हणून माणूस चालवायचा नाही, पळवायचा तर मुळीच नाही. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा छत्री लावून पाय स्थिर करायचा. नागाचे छोटे रेणू मात्र थोडेफार थेट रक्तातही शिरतात. त्यामुळे स्थिर राहून मिळतो तो फक्त वेळ. विष काही मरत नाही.

ऑस्ट्रेलियात विष-संशोधक स्ट्रुअन सदरलँड यांनी माकडांवर प्रयोग करून १९७९ साली दाखवलं, की अख्ख्या पायाला रुंद पट्टी गुंडाळून तो स्थिर ठेवला तर विष रक्तात उशिरा पोचतं. मग आपण का नाही करायचं? त्यांच्याकडचे साप बहुतेक नागकुळातले, जागेवरचं मांस फारसं न कुजवणारे. आपली घोणस आणि फुरसं जागेवरचं मांस कुजवतात. ते विष तिथेच दाबून ठेवणं महागात पडू शकतं. शिवाय पट्टीचा दाब नेमका जमणं अवघड. दोरी तर त्याहून वाईट. ती धमनी बंद करते, पाय उपाशी मरतो, आणि एकदम सोडली की साठलेलं सगळं एका दमात वर जातं. म्हणून बांधलेली दोरी दवाखान्यात, प्रतिविष हाताशी असताना सोडतात. टपरीवर नाही.

चिरा देणं हाही शुद्ध आत्मघात. घोणस चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, त्यात आपणच ब्लेड मारायचं?

मारुतीच्या देवळात नेलं, कडुनिंबाचा पाला चारला, भगताने मंत्र टाकला आणि माणूस वाचला, अशा गोष्टी पेठ-सुरगाण्यापासून नाशिक शहरापर्यंत ऐकू येतात. वाचतोही. कारण चावलेली असते धामण किंवा दिवड, किंवा विषारी सापाने विष सोडलेलंच नसतं. मण्यार असेल तर भगताची परीक्षा होते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात. अशा वेळी पाला कडू लागतो का ते बघत बसू नका, १०८ ला फोन लावा. अंगठ्या, जोडवी आधी काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. साप शोधत फिरू नका.

त्या पोराच्या पायाला टपरीवाल्याने क्रेटची फळी दिली, आम्ही ती उपरण्याने बांधली. जाताना त्याच्या भावाने विचारलं, पोरगं लहान आहे, औषध अर्धंच देतील ना? नाही. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं ते प्रतिविष, १० मिलिलिटरच्या ८-१० कुप्यांपासून सुरुवात, लहान-मोठ्याला सारखीच. साप वजन बघून विष सोडत नाही.