विमानाचे पत्रे बसवणे (स्वनिर्मित विमान)

हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या धातूच्या विमानाचे पत्रे, झाकणे आणि दारे रंगकामाआधी जागच्या जागी जुळवून घेण्याचे काम. मराठी वाचकाला हा छंद ओळखीचा झाला तो कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले होते. या छंदाचा खरा पसारा मात्र अमेरिकेत आहे. ओरेगॉनमधील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी घरी जोडायच्या विमानांचे सुटे भाग विकते. तिच्या आरव्ही मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. पुढील वर्णन मुख्यतः त्यांना लागू पडते.

पत्रा २०२४-टी३ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यातल्या तांब्यामुळे तो मजबूत होतो, पण लवकर गंजतोही. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. ओरखडा हा थर भेदून गेला, की गंजाला वाट मिळते.

पत्रा आधी सांगाड्यावर क्लेको या स्प्रिंगच्या चिमट्यांनी तात्पुरता धरतात, भोके पुऱ्या मापाची करतात आणि मग सगळे पुन्हा उतरवतात. प्रत्येक भोकाच्या काठावरची बर (भोक पाडताना राहिलेली धातूची धारदार कोर) काढायची, रिवेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे म्हणून १०० अंशांच्या साच्याने खळगी पाडायची, आतून प्रायमर मारायचा आणि मगच रिवेट ठोकायचे. हजारो भोकांसाठी हेच करावे लागते. इथे घाई करू नये. खळगी अर्धवट बसली, तर रिवेटभोवती पत्रा किंचित दबतो. उघड्या पत्र्यावर सहसा नजरेतून सुटणारा हा दबलेला गोल चकचकीत रंगात लांबूनही दिसतो. एकावर एक येणाऱ्या पत्र्यांपैकी वरच्याची कड छोट्या रोलरने दोन-तीन अंश आत वळवतात. तसे केले नाही, तर दोन रिवेटांमध्ये ती उचलली जाते आणि पुढे तिथेच रंग तडकतो.

काढता येणारी झाकणे रिवेटऐवजी स्क्रू आणि नटप्लेटवर (आतून पक्क्या बसवलेल्या नटांवर) बसतात. त्यांच्या भोवतीची फट नेमकी ठेवणे हे सर्वांत अवघड काम आहे. प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतात. कोऱ्या पत्र्यावर घट्ट बसलेले झाकण रंगानंतर अडकते, आणि ते उपसताना कडेचे टवके उडतात. म्हणून थोडे कानसायचे, लावून बघायचे, पुन्हा कानसायचे. इंजिनावरचे फायबरग्लासचे आवरण जास्त घासले गेले तर भरून काढता येते. पत्रा तसा भरता येत नाही.

एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर या पंख-शेपटीवरच्या, विमानाची दिशा बदलणाऱ्या हलत्या भागांवरच्या खड्ड्यांत पुट्टी भरून वेळ मारून नेणे धोक्याचे आहे. बिजागरीच्या मागे वजन वाढले, की हे भाग वेगात फडफडू लागतात आणि विमान मोडू शकते. त्यामुळे त्यांचे संतुलन रंगानंतर पुन्हा तपासतात.

बरेच जण चाचणी उड्डाणे बिनरंगाच्या विमानानेच उरकतात. कंपनाने सैल झालेले स्क्रू आणि घासणाऱ्या कडा तेव्हाच सापडतात आणि रंग न बिघडवता त्या दुरुस्त करता येतात.