पीएफ साचतो, पेन्शन साचत नाही

नोकरदार माणूस निवृत्तीच्या तरतुदीचा हिशेब मांडायला बसला की पहिल्याच ओळीत एक चूक करतो, आणि ती चूक मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. ‘माझे बारा टक्के आणि कंपनीचे बारा टक्के, म्हणजे चोवीस टक्के तर आपोआपच बाजूला पडतात’ असे गृहीत धरून तो पुढचे सगळे निर्णय घेतो: घरकर्ज लवकर फेडायचे का, मुलांच्या शिक्षणासाठी किती ठेवायचे, पीएफमधली स्वतःची जादा वर्गणी चालू ठेवायची की थांबवायची. हा चोवीसचा आकडा फार थोड्या लोकांच्या बाबतीत खरा असतो. कंपनीच्या वाट्याचा एक भाग पीएफमध्ये जातच नाही, तो पेन्शनमध्ये जातो; आणि या दोन गोष्टी एकाच पासबुकात शेजारी छापल्या जात असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे.

पीएफबद्दल, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधीबद्दल, फार सांगण्याची गरज नाही. १९५२ च्या कायद्यापासून चालत आलेली ही योजना आहे, आपल्या नावावर शिल्लक असते, तिच्यावर दरवर्षी जाहीर होणारे व्याज जमा होते (२०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ते ८.२५ टक्के होते), आणि ती शिल्लक शेवटी आपल्याला किंवा आपल्या वारसाला मिळते. पेन्शन म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५. लोक तिला ईपीएस-९५ म्हणतात. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. गोंधळ सुरू होतो तो इथून.

विभागणी अशी होते. आपल्या पगारातून मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के कापले जातात ते पूर्णपणे पीएफमध्ये जातात. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनमध्ये आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये जातात. मात्र पेन्शनसाठी वेतनाची मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० रुपये झाली, त्याआधी ६,५०० होती. त्यामुळे मूळ वेतन कितीही असले तरी पेन्शनमध्ये महिन्याला १,२५० रुपयांहून अधिक जात नाहीत. कंपनी पूर्ण वेतनावर वर्गणी भरत असेल तर बाकीचे सगळे पीएफमध्ये येतात. पण अनेक कंपन्या स्वतःची वर्गणीही १५,००० च्याच मर्यादेवर भरतात. अशा वेळी कंपनीचे १,८०० रुपये होतात, त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात आणि पीएफमध्ये पडतात ते फक्त ५५०.

माझ्या एका सहकाऱ्याचे उदाहरण सांगतो, कारण आकडे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही. वय ३९, मूळ वेतन ४०,०००, एकूण पगार ८०,०००, डोक्यावर घरकर्ज, मुलगी शाळेत. त्याने पीएफचे पासबुक छापून आणले होते आणि पेन्सिलने तिन्ही रकान्यांची बेरीज करून खाली गोल केला होता: कर्मचाऱ्याचा हिस्सा, नियोक्त्याचा हिस्सा आणि पेन्शन वर्गणी. पेन्शनच्या रकान्यात अकरा वर्षांचे मिळून दीड लाखाहून थोडे अधिक रुपये दिसत होते. तो ते स्वतःची बचत म्हणून मोजत होता. इतकेच नाही, तर त्या रकमेवर पुढची १९ वर्षे पीएफच्या दराने व्याज चढवून निवृत्तीच्या वेळी किती होतील याचाही अंदाज त्याने काढला होता. त्या आधारावर व्हीपीएफमधली, म्हणजे सक्तीच्या कपातीवर स्वतःहून पीएफमध्ये भरली जाणारी, महिन्याची ३,००० रुपयांची ऐच्छिक वर्गणी बंद करून ते पैसे घरकर्जाकडे वळवावेत असे त्याने ठरवले होते.

मी त्याला त्याच पासबुकातली व्याजाची ओळ दाखवली. आर्थिक वर्षाच्या शेवटी ‘व्याज’ अशी जी नोंद येते, तिच्यात कर्मचाऱ्याच्या रकान्यात आकडा असतो, नियोक्त्याच्या रकान्यात आकडा असतो आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य असते. ती छपाईची चूक नाही आणि राहून गेलेले व्याजही नाही. पेन्शनमध्ये गेलेला पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यात राहत नाही. तो सगळ्या सभासदांच्या सामायिक निधीत जातो आणि त्याच्या बदल्यात आपल्याला एका सूत्राने ठरलेला हक्क मिळतो. त्या रकान्यातला आकडा आपली शिल्लक सांगत नाही. आजवर आपल्या नावाने किती भरले गेले, एवढीच ती नोंद आहे.

सूत्र साधे आहे: पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पेन्शनयोग्य वेतन म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, तीही १५,००० च्या मर्यादेत. म्हणजे मर्यादेवर असलेल्या माणसासाठी सेवेच्या प्रत्येक वर्षाची किंमत महिन्याला सुमारे २१४ रुपये इतकी ठरलेली आहे. बाजार वर गेला, पीएफचा व्याजदर वाढला किंवा मूळ वेतन लाखावर पोचले, तरी हे २१४ बदलत नाहीत. माझा सहकारी २०१४ च्या शेवटी, वेतन १५,००० च्या आत असताना सभासद झाला. ५८ व्या वर्षी त्याची ३० वर्षे सेवा होईल, वीस वर्षांहून अधिक सेवेसाठी दोन वर्षांची भर मिळेल आणि १५,००० गुणिले ३२ भागिले ७० याप्रमाणे त्याला महिना ६,८५७ रुपये मिळतील. या योजनेत निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता नाही, त्यामुळे महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर १९ वर्षांनंतरच्या या ६,८५७ रुपयांत आजच्या सव्वादोन हजारांइतकीच खरेदी होईल, आणि पुढे दरवर्षी त्याहून कमी.

याचा अर्थ ईपीएस वाईट आहे असा कोणी घेतला तर मला ते मान्य नाही. सभासदाचा सेवेत असताना मृत्यू झाला तर जोडीदाराला पेन्शन मिळते आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत वेगळी पेन्शन मिळते, तीही निवृत्तीच्या पेन्शनसाठी असलेली दहा वर्षांच्या सेवेची अट न लावता. तरुण संसारासाठी हे संरक्षण मोलाचे आहे, आणि निवृत्तीनंतर आयुष्य कितीही लांबले तरी पेन्शन बंद पडत नाही. माझी तक्रार योजनेबद्दल नाही. विम्यासारख्या हक्काला बचतीच्या खात्यात धरणाऱ्या हिशेबाबद्दल आहे. इंटरनेटवरचे निवृत्तीचे कितीतरी कॅल्क्युलेटर कंपनीचे बारा टक्के सरसकट चक्रवाढीत घालतात आणि फुगलेली रक्कम दाखवतात. अशा कॅल्क्युलेटरवर विसंबून कोणी आपली वर्गणी ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

हाच फरक नोकरी बदलताना दुसऱ्या रूपात भेटतो. जुन्या कंपनीतून पीएफ वर्ग केला की नव्या पासबुकात पीएफची शिल्लक दिसते आणि पेन्शनच्या रकान्यात मात्र मागचे काही दिसत नाही. लोक घाबरतात, तक्रारी करतात, पैसे गेले म्हणतात. पैसे वर्ग होण्याचा प्रश्नच नसतो. वर्ग होते ती सेवा. पाहायचे असते ते सेवेच्या नोंदीत मागची वर्षे नीट जोडली गेली आहेत का, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे का. एका महिन्याची चुकीची तारीखही पुढे त्रास देते.

याच्या उलट चूक अधिक महाग पडते. दहा वर्षांची सेवा होण्याआधी पेन्शनचा हिस्सा काढून घेता येतो, म्हणून नोकरी सोडल्यावर पीएफच्या अर्जाबरोबर ‘१०-सी’ अर्जही भरून टाकणारे पुष्कळ आहेत. हाती थोडी रक्कम येते, कुठेतरी खर्च होते, आणि सेवेची ती वर्षे पुसली जातात. पुढच्या नोकरीत गणना शून्यापासून सुरू होते. सहा वर्षे पुसली म्हणजे मर्यादेच्या हिशेबाने आयुष्यभर महिना सुमारे १,२८५ रुपये सोडून दिले. पुन्हा नोकरी करायची असेल तर पैसे काढण्याऐवजी योजना-प्रमाणपत्र, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद असलेला दाखला, घ्यावे आणि सेवा जपावी. यात माझ्या मते दुसरा पर्यायच नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पेन्शन ५० व्या वर्षापासून घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षासाठी चार टक्के घट होते. पीएफमधून आजारपण, घर, शिक्षण, लग्न अशा कारणांसाठी उचल मिळते, पेन्शनमधून नाही. पीएफची शिल्लक वारसाला मिळते. पेन्शनमध्ये वारसाला मुद्दल परत मिळत नाही. पेन्शन करपात्र उत्पन्न आहे. सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० हून अधिक वेतनावर पहिल्यांदाच नोकरीला लागलेले लोक ईपीएसचे सभासद होत नाहीत, त्यांचा कंपनीकडून येणारा सगळा हिस्सा पीएफमध्येच जातो. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांचा वाढीव वेतनावरचा पर्याय (मर्यादेऐवजी प्रत्यक्ष वेतनावर पेन्शनची वर्गणी आणि गणना) मंजूर झाला, त्यांना वर दिलेली १५,००० ची गणना लागू नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: किती टाकायचे? माझ्या सहकाऱ्याचा खरा आकडा असा निघाला. त्याच्या पगारातून पीएफमध्ये १,८०० जात होते, कारण त्याची कपातही मर्यादेवरच होती. कंपनीचे ५५०. एकूण २,३५०. मूळ वेतनाच्या हे सहा टक्केसुद्धा नाहीत आणि एकूण पगाराच्या तीन टक्क्यांहून कमी आहेत. ज्याला तो चोवीस टक्के समजत होता ते हे. म्हणजे त्याची निवृत्तीची निम्म्याहून अधिक बचत त्याच ३,००० रुपयांच्या व्हीपीएफमधून होत होती, जी तो जादाची समजून बंद करायला निघाला होता. ८.२५ टक्क्यांचा दर टिकला असे धरले तर ते ३,००० रुपये १९ वर्षांत पंधरा ते सोळा लाखांपर्यंत पोचतात.

व्हीपीएफ कधीच कमी करू नये असे मी म्हणत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडावी. त्या व्याजापुढे कोणतीही बचत टिकत नाही. चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी नसेल तर तो आधी उभा करावा, नाहीतर पहिल्याच अडचणीत पीएफमधून उचल घ्यावी लागते. या दोन कारणांसाठी ऐच्छिक वर्गणी काही काळ थांबवणे मला पूर्ण मान्य आहे. घरकर्जाचे तसे नाही. कर्जाचा दर पीएफच्या दरापेक्षा ठळक जास्त असेल तर मुदतपूर्व फेड फायद्याची ठरते; दोन्ही दर आसपास असतील तर मी वर्गणी चालू ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण कर्ज फिटल्यावर मोकळा झालेला हप्ता निवृत्तीकडे वळवणारी माणसे मी फार कमी पाहिली आहेत. स्वतःची वार्षिक वर्गणी अडीच लाखांच्या वर गेली तर वरच्या भागावरचे व्याज करपात्र होते, एवढे मात्र मोठ्या पगाराच्या लोकांनी ध्यानात ठेवावे.

हिशेब मांडताना माझी पद्धत ठरलेली आहे. कागदावर वरच्या बाजूला फक्त पहिल्या दोन रकान्यांची बेरीज लिहायची आणि त्यांत दरमहा खरोखर किती पडते ते लिहायचे. पेन्शनची रक्कम तिथे लिहायचीच नाही. ती खाली, निवृत्तीनंतरच्या मासिक उत्पन्नात, सूत्राने काढून लिहायची. माझ्या सहकाऱ्याने तसा कागद पुन्हा तयार केला. व्हीपीएफ चालू ठेवली, वार्षिक बोनस घरकर्जाकडे वळवला, आणि त्याच्या कार्यालयात वर्गणी बदलण्याची मुभा एप्रिलमध्येच असल्याने एप्रिलपासून ३,००० चे ५,००० करण्याचा अर्ज भरून ठेवला.